यंत्राला सांगावे कसे?

सरकारी कचेरीत ज्यांनी उमेदीची वर्षे घालविली आहेत, त्यांना ‘योग्य ती कार्यवाही करावी’ या चार शब्दांचे सामर्थ्य सांगावयास नको. वरून आलेल्या कागदावर हा शेरा पडला की तो कागद ज्याच्या टेबलावर जातो त्याने नेमके काय करावे, कोणत्या नियमाखाली करावे, किती दिवसांत करावे आणि न केल्यास काय होईल, यांपैकी कशाचाही उलगडा होत नाही. तरीही काम होते. कारण टेबलामागचा कारकून अनुभवी असतो. साहेबांचा स्वभाव त्याला ठाऊक असतो, मागील वर्षाची फाईल त्याने चाळलेली असते आणि शंका आलीच तर शेजारच्या भाऊसाहेबांना तो विचारू शकतो. आपल्या लेखी भाषेतील पुष्कळशी संदिग्धता अशा रीतीने तोंडी व्यवहारात विरून जाते, आणि म्हणूनच ती आपल्याला फारशी जाणवत नाही.

आता मात्र हा कागद एका नव्या कारकुनाच्या हाती जाऊ लागला आहे. त्याला साहेबांचा स्वभाव ठाऊक नाही, जुनी फाईल कोणी पुढे ठेवल्याखेरीज ती त्याला दिसत नाही, आणि शंका आली तरी विचारण्याऐवजी अंदाज बांधून पुढे जाण्याकडे त्याचा कल असतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा ‘एजंट’ हा तो कारकून होय. त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न वरकरणी संगणकतज्ज्ञांचा वाटतो. परंतु थोडा विचार केल्यास तो भाषेचा, आणि म्हणून शिक्षक, कारकून व विद्यार्थी यांचाही प्रश्न आहे असे दिसून येईल.

एजंट काम कसे करतो?

विम्याचा किंवा रेल्वेच्या तिकिटांचा एजंट आपल्या परिचयाचा आहे. दुसऱ्याच्या वतीने काम करणारा तो एजंट, हा अर्थ येथेही कायम आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात ‘चॅटजीपीटी’ लोकांपुढे आले तेव्हा ते केवळ बोलत होते. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे यापलीकडे त्याचा हात पोचत नव्हता. २०२३ च्या जूनमध्ये ‘ओपनएआय’ या कंपनीने आपल्या प्रारूपांना बाहेरील प्रोग्रॅम वापरण्याची रीतसर सोय करून दिली. २०२४ च्या नोव्हेंबरात ‘अँथ्रोपिक’ या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाचा एक खुला संकेत प्रसिद्ध केला, आणि कोणाही प्रोग्रॅमरने तयार केलेले साधन कोणत्याही एजंटाच्या हाती देण्याचा मार्ग त्यामुळे सुकर झाला. हवामान पाहणे, फाईल उघडणे, पत्र पाठविणे, नोंदवहीत नोंद करणे, अशी ही साधने असतात. संगणकाच्या व्यवहारात त्यांना ‘टूल’ असे म्हणतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. साधन आतून कसे चालते हे सामान्यतः एजंटाला दिसत नाही. त्याला तीनच गोष्टी वाचावयास मिळतात: साधनाचे नाव, त्याचे शब्दांत केलेले वर्णन, आणि ते वापरताना कोणती माहिती कोणत्या रकान्यात द्यावयाची याची यादी. एवढ्यावरून कोणते साधन उचलावे हे तो ठरवितो आणि रकाने भरून मागणी करतो. बाहेरचा प्रोग्रॅम ती मागणी पुरी करून उत्तर त्याच्यापुढे ठेवतो. म्हणजे प्रोग्रॅमरने आत कितीही कौशल्य ओतले असले, तरी एजंटाच्या पदरी पडतात ती वर्णनाची चार वाक्ये. ती अपुरी असतील तर उत्तम साधनही कपाटात पडून राहते, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीच्या कामी वापरले जाते.

दोन बोधप्रद घटना

हे केवळ तर्काने सांगितले जात नाही. अँथ्रोपिक कंपनीने आपल्या अनुभवातील काही चुका स्वतः होऊन प्रसिद्ध केल्या आहेत. त्यांतील एक २०२५ मधील आहे. ‘क्लॉड’ या त्यांच्या प्रारूपाला इंटरनेटवर शोध घेण्याचे साधन देण्यात आले, तेव्हा ते प्रत्येक शोधाच्या शब्दांना विनाकारण ‘२०२५’ हा आकडा जोडू लागले. त्यामुळे शोधाचा कल एका बाजूला झुकला आणि मिळणारी उत्तरे निकृष्ट ठरू लागली. यावर उपाय म्हणून प्रारूप पुन्हा घडवावे लागले नाही. साधनाचे वर्णन सुधारताच ती खोड गेली. कोट्यवधींच्या खर्चाने उभारलेल्या यंत्राची चूक काही शब्दांच्या फेरफाराने दुरुस्त व्हावी, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला सुखावणारी असली तरी तितकीच सावध करणारीही आहे. कारण जे शब्दांनी सुधारते ते शब्दांनी बिघडूही शकते.

दुसरी घटना त्याच कंपनीने २०२४ च्या डिसेंबरात सांगितली. प्रोग्रॅममधील दोष शोधून दुरुस्त करणारा एक एजंट तयार करण्यात आला होता. तो एका फोल्डरातून दुसऱ्यात गेला की फाइलींचे पत्ते चुकवू लागे. ‘तिसऱ्या गल्लीत डावीकडचे घर’ हा पत्ता चौकात उभे असताना बरोबर असतो. स्टेशनवर उभे राहून तोच पत्ता सांगितला तर टपाल भलत्याच दारी जाते, तशातला हा प्रकार होता. तेव्हा साधनातच बदल करून फाइलीचा संपूर्ण पत्ता दिल्याखेरीज काम होणार नाही अशी व्यवस्था करण्यात आली आणि चुका थांबल्या. येथे अधिक समजावून सांगण्यापेक्षा चुकीला जागाच न ठेवणे श्रेयस्कर ठरले. छापील अर्जात जन्मतारखेसाठी एक लांब रेघ न देता दिवस, महिना, वर्ष यांचे वेगवेगळे चौकोन असतात, त्यामागचा हेतू हाच आहे.

आपल्या व्यवहारातील खाचखळगे

ही उदाहरणे दूरदेशीची वाटतील. परंतु मराठी व्यवहारात अशा संदिग्ध जागा पावलोपावली आहेत. ‘परवा’ हा शब्द आपण उलटून गेलेल्या दिवसासाठीही वापरतो आणि येणाऱ्या दिवसासाठीही. ‘परवा आलो’ आणि ‘परवा येईन’ यांत घोटाळा होत नाही, कारण क्रियापद अर्थ स्पष्ट करते. साधनाच्या रकान्यात मात्र क्रियापद नसते. तसेच ‘चालू वर्ष’ हे शब्द घ्या. हिशेबनिसाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते, शाळेचे सामान्यतः जूनमध्ये, दिनदर्शिकेचे जानेवारीत आणि पंचांगाचे गुढीपाडव्याला. ‘चालू वर्षातील थकबाकी दाखवते’ असे वर्णन लिहिणाऱ्याच्या मनात यांपैकी एकच वर्ष असते. वाचणाऱ्याला चारही सारखीच शक्य वाटतात. ०३/०४ ही तारीख आपल्याकडे ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च होते, आणि या यंत्रांनी वाचलेल्या मजकुराचा फार मोठा भाग इंग्रजी असून त्यात अमेरिकी मजकूर विपुल आहे.

जमिनीचे उदाहरण तर अधिक गंभीर आहे. सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत लिहिलेले असते. गावात बोलताना मात्र एकर आणि गुंठे चालतात. उताऱ्यावरील ०.४० म्हणजे ४० आर, अर्थात जवळजवळ साडेएकोणचाळीस गुंठे. हाच आकडा कोणी एकर समजून वाचला तर १६ गुंठे होतात. समजा, एखाद्या योजनेसाठी अर्जांची छाननी करणाऱ्या एजंटाला दिलेल्या साधनाच्या वर्णनात ‘जमिनीचे क्षेत्र सांगते’ एवढेच लिहिले असेल आणि एकक लिहावयाचे राहिले असेल, तर अल्पभूधारक कोण आणि कोण नव्हे, याचा निर्णय यंत्राच्या अंदाजावर सोपविला गेला असे होईल. ज्याचा अर्ज फेटाळला जाईल त्या शेतकऱ्याला कारण विचारण्यासाठी कोणाकडे जावे हेही कळणार नाही.

चांगले वर्णन म्हणजे काय?

एक साधे उदाहरण घेऊ. एखाद्या शाळेच्या कार्यालयासाठी एजंट नेमला आहे आणि त्याला जनरल रजिस्टर पाहण्याचे साधन द्यावयाचे आहे अशी कल्पना करा. घाईत असलेला लेखक वर्णन लिहील: ‘विद्यार्थ्याची माहिती मिळवते.’ हे वाक्य खोटे नाही; परंतु ते निरुपयोगी आहे. कोणती माहिती, कोणत्या विद्यार्थ्याची, कशावरून, हे त्यात नाही. आता पुढील वर्णन पाहा:

‘जनरल रजिस्टरातील एका विद्यार्थ्याची नोंद दाखवते, नोंदीत कोणताही बदल करीत नाही. रजिस्टर क्रमांक ठाऊक असेल तेव्हाच वापरावे. केवळ नाव ठाऊक असल्यास आधी नावावरून शोध घेणारे साधन वापरावे. रजिस्टर क्रमांक म्हणजे हजेरीपटावरील क्रमांक नव्हे. जन्मतारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने मिळते. शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या नोंदीही यात आहेत. त्यांच्यापुढे दाखला दिल्याची तारीख असते. गुण व हजेरी यांची माहिती यात नाही. क्रमांक न सापडल्यास ‘नोंद नाही’ असे उत्तर येते. अशा वेळी अंदाजाने दुसरा क्रमांक घालू नये.’

या दहा वाक्यांत अलंकार नाही, विद्वत्ता नाही, संगणकाची परिभाषाही नाही. परंतु साधन काय करते, केव्हा वापरावे, केव्हा वापरू नये, कोणत्या दोन गोष्टींची गल्लत होण्याचा संभव आहे, उत्तर कोणत्या रूपात येते, काय मिळणार नाही आणि अडल्यास काय करावे, एवढे सर्व त्यात आले आहे. शाळेत नव्याने रुजू झालेल्या कारकुनाला जुना हेडक्लार्क पहिल्या दिवशी जे सांगेल तेच हे आहे. अँथ्रोपिकच्या जाणकारांनीही नेमका हाच सल्ला दिला आहे: साधनाचे वर्णन नव्या सहकाऱ्याला समजावून सांगावे तसे लिहा, आणि आपल्या मनात गृहीत असलेल्या गोष्टी शब्दांत आणा. गृहीत गोष्ट शब्दांत आणणे हेच यातील खरे कष्टाचे काम आहे. जी गोष्ट आपल्याला पक्की ठाऊक असते ती लिहावयाची राहून जाते, हा प्रत्येक लेखकाचा अनुभव आहे. रजिस्टर क्रमांक आणि हजेरीचा क्रमांक वेगळे, हे ज्याने वीस वर्षे रजिस्टर भरले त्याला सांगण्याजोगे वाटतच नाही.

चुकीचा संदेश हाही वर्णनाचाच एक भाग मानला पाहिजे. ‘चूक झाली’ एवढेच उत्तर मिळाले तर एजंट तीच मागणी पुन्हा करतो किंवा भलतेच काही करून पाहतो. ‘जन्मतारीख २०१२-०६-१५ या नमुन्याप्रमाणे द्या’ असे उत्तर मिळाले तर पुढच्याच खेपेस काम होते. उत्तरपत्रिकेवर नुसती फुली मारणारा परीक्षक आणि समासात दोन शब्द लिहिणारा शिक्षक यांतील हा फरक आहे. नमुना दाखविण्याचे महत्त्वही असेच आहे. गुंतागुंतीचे रकाने भरताना वर्णनाच्या जोडीला उदाहरणे दिल्यावर अचूकतेचे प्रमाण ७२ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेले, असे अँथ्रोपिकने २०२५ मध्ये आपल्या अंतर्गत चाचणीच्या आधारे सांगितले होते.

विस्तार आणि सत्यता

याचा अर्थ वर्णन जितके लांब तितके चांगले, असा मात्र नव्हे. एजंट ही वर्णने कामास बसण्यापूर्वी वाचतो आणि त्याचे अवधान अमर्याद नसते. त्याच कंपनीने दिलेल्या एका उदाहरणात ५८ साधनांच्या वर्णनांनी संभाषण सुरू होण्यापूर्वीच सुमारे ५५ हजार शब्दखंड व्यापले होते. मराठीला याची झळ अधिक बसते, कारण देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा सामान्यतः अधिक शब्दखंड लागतात. म्हणून पाल्हाळ नको. परंतु आवश्यक ते गाळूनही चालणार नाही. सारांशलेखन शिकविणाऱ्या शिक्षकांना ही कसरत नवी नाही. जवळजवळ सारखीच चार साधने ठेवून प्रत्येकाचा भेद समजावीत बसण्यापेक्षा त्यांचे एकच सुटसुटीत साधन करणे हा पुष्कळदा अधिक चांगला मार्ग असतो.

दुसरी अट सत्यतेची. १९९८ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या ‘नासा’ने मंगळाकडे पाठविलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. जमिनीवरील एका प्रोग्रॅमने इंजिनाच्या रेट्याचे आकडे पौंडांच्या मापात दिले आणि ते घेणाऱ्यांनी न्यूटनच्या मापात समजले. दोहोंत जवळजवळ साडेचार पटींचा फरक होता. येथे विशेष ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, मेट्रिक माप वापरावे असे लेखी स्वरूपात ठरलेले होते. कागद बरोबर होता. प्रोग्रॅम कागदाप्रमाणे वागत नव्हता. साधनात बदल झाला आणि वर्णन जुनेच राहिले, तर तेही असेच फसवे होते. जुने परिपत्रक रद्द झाल्याचे न कळविता नवे काढणाऱ्या कचेरीत जो गोंधळ माजतो तो सर्वांच्या परिचयाचा आहे.

आणि वर्णन हेतुपुरस्सर खोटे असेल तर? ही शंका काल्पनिक नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये ‘इन्व्हेरियंट लॅब्ज’ या संस्थेने दाखवून दिले की, दोन संख्यांची बेरीज करणाऱ्या एका निरुपद्रवी साधनाच्या वर्णनातच वापरकर्त्याच्या गुप्त फाइली वाचून बाहेर पाठविण्याची सूचना दडवून ठेवता येते. वापरणाऱ्याला पडद्यावर ती सहसा दिसत नाही. एजंट मात्र ती आज्ञा समजून पाळू शकतो. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये २०२५ पासून साधन केवळ वाचते की नाश करू शकते हे सांगणारी खूण करण्याची सोय आहे. परंतु साधन विश्वासू ठिकाणाहून आलेले नसल्यास त्या खुणेवरही विसंबू नये, असे त्यातच बजावलेले आहे. तात्पर्य, वर्णन कोणी लिहिले, कोणी तपासले आणि ते वापरणाऱ्याला वाचावयास मिळते की नाही, हे प्रश्न सोयीचे नसून सुरक्षिततेचे आहेत.

यंत्र शहाणे झाले तरी

यावर एक आक्षेप घेतला जातो. यंत्रे दिवसेंदिवस अधिक बुद्धिमान होत आहेत. उद्या त्यांना अर्धवट वाक्यावरूनही आशय कळेल. मग वर्णनासाठी एवढा आटापिटा कशाला? या म्हणण्यात तथ्यांश आहे. शुद्धलेखनाची चूक किंवा ओबडधोबड वाक्यरचना आजचे यंत्रही सहज समजून घेते. परंतु बुद्धी आणि माहिती या भिन्न वस्तू आहेत. एकक न लिहिलेला ०.४० हा आकडा हेक्टर आहे की एकर, हे कितीही तल्लख बुद्धीला त्या आकड्यावरून कळणार नाही. आशय समजण्याचे सामर्थ्य वाढेल. परंतु जे सांगितलेच नाही ते समजण्याचे सामर्थ्य कोणालाच येत नाही. येतो तो अंदाज, आणि तल्लख माणसाचा चुकीचा अंदाज अधिक पटण्याजोगा असल्यामुळे अधिक धोक्याचा असतो.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा आहे. ‘संगणकाची चूक आहे’, हे उत्तर खिडकीपाशी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ऐकून ऐकून पाठ झाले आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील जन्मतारखेत एका आकड्याची चूक झाली तर ती दुरुस्त करता करता पालक कसे मेटाकुटीस येतात, हे मुख्याध्यापकांना सांगावयास नको. उद्या हे काम एजंट करू लागला आणि तारखेचा क्रम वर्णनात लिहावयाचा राहिल्यामुळे अशी चूक झाली, तर ती यंत्राची म्हणता येणार नाही. ती वर्णन लिहिणाऱ्याची आणि ते न तपासता स्वीकारणाऱ्याची असेल. म्हणून शाळेसाठी किंवा कचेरीसाठी अशी व्यवस्था विकत घेताना तिच्या साधनांची वर्णने दाखविण्याचा आग्रह धरावयास हवा, आणि ती त्या कामात मुरलेल्या माणसाने वाचून पाहावयास हवीत. ती आज बहुतेक इंग्रजीत असतात. वापरणारा मात्र ‘सातबारा’, ‘फेरफार’, ‘दाखला’ याच शब्दांत विचारणार; तेव्हा हे शब्द व त्यांचे नेमके अर्थ त्या वर्णनांत आले आहेत की नाहीत, हे इंग्रजी जाणणारा दूरचा प्रोग्रॅमर सांगू शकणार नाही. ते येथील कारकुनालाच सांगता येईल.

या नव्या विद्येत प्रवेश करण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी हवी, अशी विद्यार्थ्यांची समजूत असते. ती संपूर्णपणे खरी नाही. एखाद्या परिचित कामाचे, ते मुळीच ठाऊक नसलेल्या माणसाला करता येईल असे वर्णन सात-आठ वाक्यांत लिहून पाहावे. ते दुसऱ्याला वाचावयास द्यावे. तो जेथे अडेल तेथे वर्णन सुधारावे. एजंटासाठी साधनांची वर्णने लिहिणारेही याहून वेगळे काही करीत नाहीत: लिहितात, एजंटाला काम देतात, तो कोठे चुकला ते पाहतात आणि पुन्हा लिहितात. मराठीच्या तासाला पत्रलेखन व सारांशलेखन यांच्या जोडीला हा एक स्वाध्याय शिक्षकांना घालता येईल. त्यासाठी संगणकाचीही गरज नाही. आणि कचेरीत ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असा शेरा लिहिण्यासाठी हात उचलला जाईल तेव्हा, हा कागद वाचणाऱ्याला योग्य म्हणजे काय हे कोठून कळणार, असा प्रश्न लिहिणाऱ्याने क्षणभर स्वतःला विचारला, तर त्याचा लाभ यंत्राला व्हावयाचा तेव्हा होईल. माणसांना तो आजच होईल.